तैपेईतला तिसरा कौल

१६ मे, शुक्रवार. सर्वण

डिचोलीच्या वाचनालयाचा सचिव प्रशांत सकाळी आला. आमच्याच घरचा चहा पिऊन मला म्हणाला, "सर, तैपेईला चाललात ना? परत आलात की भाषण पाहिजे. विषय, तैपेईला जाणाऱ्या भारतीयांना व्यवहारोपयोगी सूचना. चाळीस मिनिटं."

"चाळीस मिनिटांत माझी प्रस्तावना होते."

"म्हणूनच चाळीस सांगितली, सर. साठ धरून चाललोय."

मी तैपेई पाहिलेली नाही, पण सूचना करायला पाहावे लागते असे कोण म्हणतो? चौतीस वर्षे मुख्याध्यापक होतो, मुलांना आयुष्याविषयी सूचना करत आलो. तैवानवर चार पुस्तके वाचून टिपणे काढली आहेत. या वहीत आजपासून रोज सूचना लिहीन. निघण्यापूर्वीच पहिल्या बारा तयार आहेत.

खरे काम मात्र वेगळे आहे. आमची एकुलती एक गौरवी पाच वर्षे तिथे विद्यापीठात आहे. नदीच्या गाळावर तिने डॉक्टरेट केली, सात जूनला पदवीदान आहे. त्यानंतर तिने परत यावे. आमोण्याला मांडवीच्या काठी खाणींचा गाळ थरावर थर साचला आहे, आणि हिने परक्या नद्यांचे तळ उपसावेत? म्हापशाकडच्या एका कॉलेजात तिच्यासाठी मी शब्द टाकून ठेवला आहे. तिला समोर बसवून बोलायचे भाषण अकरा पानी झाले. सोळाव्या मिनिटाला ती रडेल. विसाव्याला मी.

१९ मे, सोमवार

चंद्रावती माहेरी धारगळला "अळूचे कंद आणूक" गेली होती. परत आली ती कपाळाला अंगारा लावून, आणि पिशवीत कंद एकही नव्हता. म्हणजे देवळात जाऊन कौल घेऊन आली. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विमान पडू नये म्हणून घेतला असणार. मी काही विचारले नाही. विचारले असते तर तिने खरे सांगितले असते, आणि मग मला बोलावे लागले असते.

बारा वर्षांपूर्वी जत्रेतल्या नाटकाची तारीख गावाने कौल लावून पुढे ढकलली, तेव्हा देवळाच्या चौकात मी म्हटले होते, ज्या गावाला तारखेसाठी पाकळी लागते त्या गावाने मतदानाला जाऊ नये. ते वाक्य अजून लोकांच्या तोंडी आहे. त्या दिवशी मी गाऱ्हाणेही सोडले. साऱ्या गावाच्या वतीने देवापुढे उभे राहून मोठ्याने मागणे मागायचा मान आमच्या घराण्याचा. वडिलांनी चाळीस वर्षे गाऱ्हाणे घातले, त्यांचा आवाज नदीपलीकडे जायचा. आता चुलतभाऊ बाबली घालतो. त्याचा आवाज म्हणजे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा.

रात्री सामान भरताना भांडण झाले. चंद्रावतीने तळाशी आदोळी ठेवली. नारळ खवायची आदोळी, पाट आणि लोखंडी पाते मिळून साडेतीन किलो!

"दोन आठवड्यांसाठी आदोळी?"

"गौरवीक सोलकढी खावची असा."

"ताजं फळ त्या देशात न्यायला बंदी आहे. नारळाशिवाय काय खवणार आहेस?"

"नारळ थंय गावता. आदोळी गावणा नाय."

"आणि परत येताना पुन्हा वजन?"

तिने आदोळीवर टॉवेल पसरला. "परतीचा मगे बघू," म्हणाली. बायकांना पुढचा विचार नसतो.

२८ मे, बुधवार. मोपा विमानतळ

सूचना क्रमांक एक, लोखंडी पात्याच्या वस्तू सोबत आणू नयेत, हिचा अनुभव पहिल्याच दारात आला. बॅग यंत्रातून गेली आणि तिथल्या मुलीने हात वर केला. बॅग उघडली. मी 'एका अडाणी परंपरेची वाहतूक' यावर माफीचे दोन शब्द बोलणार, तोच ती मुलगी चंद्रावतीला म्हणाली, "मावशे, आदोळी?"

"व्हय गो. माझ्या चेडवाक, गौरवीक."

"मोठ्या बॅगेत जाऊ दी. पात्याक चार पेपर गुंडाळ. खंयच्या तुमी?"

"धारगळचा माझा म्हायार."

"माझी आजी पण धारगळचीच!"

पात्याला गुंडाळायला कागद कमी पडले. माझ्या बारा सूचनांची दोन पाने त्यात गेली. पहिल्या सहा सूचना आता बॅगेत, आदोळीच्या पात्याभोवती आहेत.

३० मे, शुक्रवार. तैपेई

काल पोचलो. गौरवी वाळली आहे, पण हसते खूप. तिची खोली चौथ्या मजल्यावर. दोन माणसांपुरते स्वयंपाकघर, त्यात दहा किलो तांदळाचे पोते. मी विचारले, "इतका कोण खाणार?" म्हणाली, "मोठं पोतं स्वस्त पडतं, बाबा." काटकसर माझ्याकडून घेतली. सज्जात कढीलिंबाचे रोप नुकतेच फुटले आहे. जाताना शेजारणीला देऊन टाकील.

मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजत असतात आणि मी आत गेलो की गप्प होतात. अकरा तारखेला माझा वाढदिवस आहे. मी काही कळल्याचे दाखवत नाही.

आज मेट्रोत भाषणाला सुरुवात करायचे ठरवले होते. इथे डब्यात खाणे नाही, पिणे नाही, पाण्याचा घोटही दंडाला पात्र. हे पुस्तकात होते. पुस्तकात हे नव्हते की माणसे बोलतही नाहीत. डब्यात दोनशे माणसे आणि आमच्या शाळेत मी छडी आपटल्यावर होई तशी शांतता. मी म्हटले, "गौरवी, मातृभूमी म्हणजे..."

"बाबा, हळू बोल."

"हळूच बोलतोय."

"तुझं हळू दुसऱ्या डब्यात पोचतंय."

चंद्रावती खिडकीकडे तोंड करून हसत होती. मातृभूमी तशीच राहिली, आमचे स्टेशन आले. सूचना: सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे. डावीकडे उभे राहून विचार करणाऱ्या माणसामागे या शहरात फार मोठी रांग लागते.

आणखी एक सूचना, जी भाषणात सांगता येणार नाही: एक रिकामी बाटली नेहमी जवळ ठेवावी. इथल्या शौचालयात कागदावर भर आहे.

२ जून, सोमवार

सोमवारी चंद्रावती शिवराक, म्हणजे मासळी-मांस काही नाही. मी गेली चाळीस वर्षे तत्त्व म्हणून सोमवारी मासळी खातो, सोमवारी बाजारात चांगली मासळी येत नसली तरीही. तिच्यासाठी मी गौरवीकडून कार्डावर चिनी लिपीत लिहून घेतले होते, 'मी मासे, मांस, अंडी खात नाही. मासळीचा रस्साही नको.' पुस्तकात बजावून सांगितले आहे की इथे भाजीच्या पाण्यातही मासळीचा रस्सा असतो. कार्ड घेऊन मी तीन खानावळी फिरलो. तिन्हीकडे लोकांनी ते अदबीने दोन्ही हातांनी घेतले, वाचले, माना हलवल्या आणि दोन्ही हातांनी परत दिले.

मागे वळून बघतो तर चंद्रावती नाही! मी धावत सुटलो. परदेशात, भाषा न येणारी बाई. दहा मिनिटांनी एका गल्लीत सापडली. काचेआड बसून वांग्याचे काप, टोफू आणि भात खात होती, शेजारी दोन म्हाताऱ्या तिला आणखी वाढत होत्या.

"हे शिवराक आहे हे तुला कसे कळले?"

तिने चमच्याने पाटी दाखवली. पाटीवर स्वस्तिक.

"ते उलटे आहे," मी म्हटले. "बौद्ध परंपरेतले. त्याचा इतिहास..."

"जेवण सुलटा असा. बसा."

बसलो. तत्त्वाविरुद्ध सोमवारी शिवराक जेवलो. वांगे उत्तम होते. सूचना क्रमांक सात, कार्ड बाळगावे, ही खोडली.

३ जून, मंगळवार

आजचा प्रसंग लिहू नये असे वाटते, पण ही वही खोटे सांगण्यासाठी नाही.

संध्याकाळी गौरवी विद्यापीठात होती. खालच्या गल्लीतून गाण्याचा सूर आला, पेटीवर वाजवावा तसा मंजुळ. क्षणात सगळ्या इमारतींची दारे उघडली आणि हातात पिशव्या घेतलेली माणसे खाली धावली. म्हाताऱ्या, पोरी, एक गृहस्थ तर चपला न घालता. मी ओळखले. जगात संध्याकाळी असे एकच माणूस सगळ्या गावाला पिशवी घेऊन दाराबाहेर काढू शकते. पोदेर!

पाच दिवस पावाशिवाय काढलेला गोंयकार मी. कापडी पिशवी उचलली, शंभराची नोट घेतली आणि चार मजले उतरलो. रांगेत उभा राहिलो. पिवळी मोठी गाडी. एवढा मोठा पोदेर आमच्या उभ्या डिचोलीत नाही. माझी पाळी आली तशी मी नोट पुढे केली, पिशवी उघडी धरली आणि चार बोटे दाखवली. चार उंडे, आमचे गोल पाव.

गाडीवरच्या माणसाने माझ्याकडे पाहिले, रिकाम्या पिशवीकडे पाहिले. मागच्या बाईने मला बाजूला सारून आपली निळी पिशवी गाडीत भिरकावली. तेव्हा वास आला.

कचऱ्याची गाडी होती. या शहरात रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीत. गाडी गाणे वाजवत येते आणि ज्याचा कचरा त्याने हाताने नेऊन टाकायचा. पद्धत अनुकरणीय आहे. ती मला कशी कळली हे भाषणात सांगणार नाही.

वर आलो तर चंद्रावती सज्जातून सगळे बघत उभी होती. "पाव गरम होते?" म्हणाली.

५ जून, गुरुवार

भाषण अजून झालेले नाही. उद्यानात सुरू केले, तर शेजारी व्यायाम करणाऱ्या बायकांनी मला ओळीत उभे करून हात वर करायला लावले. चहाच्या दुकानात सुरू केले, तर पहिल्याच परिच्छेदात साबुदाण्याची काळी गोळी नळीतून थेट घशात गेली. अकरा पाने खिशात घामाने भिजली आहेत. मी हजारोंच्या सभा जिंकल्या, आणि या पोरीसमोर प्रस्तावना पार होत नाही.

७ जून, शनिवार

पदवीदान झाले. गौरवीचे नाव त्यांनी चुकीच्या उच्चारात घेतले तरी माझे डोळे भरून आले. नंतर तिच्या प्राध्यापिकाबाईंनी माझा हात धरून इंग्रजीत म्हटले, "तुम्ही तिला आणखी तीन वर्षे आम्हाला देताय, फार आभारी आहोत."

मी म्हटले, "तीन वर्षे?"

बाई गौरवीकडे बघू लागल्या. गौरवी चंद्रावतीकडे. चंद्रावती छताकडे.

परतताना मेट्रोत मी भाषण सुरू केले. पूर्ण आवाजात, अकराव्या पानापासून, कारण संताप तिथे होता. "ज्या मातीने तुला..." एवढेच झाले. समोरची एक ऐंशीची आजी उठली, माझ्या कोपराला धरून मला तिच्या जागेवर बसवले आणि स्वतः दांडा धरून उभी राहिली. तिला वाटले, या म्हाताऱ्याला उभे राहवत नाही म्हणून ओरडतोय. माझ्या आयुष्यातले सर्वांत छोटे भाषण.

घरी आल्यावर गौरवी समोर बसली. "बाबा, संशोधनाची जागा मिळालीय. तोंडी होय म्हटलंय, सही सोमवारी आहे. हेच काम मला करायचंय. पण तू नको म्हणालास तर सही करणार नाही. तुझ्याशी भांडून मला इथे राहायचं नाही."

तिला तीन महिन्यांपूर्वी कळले होते. चंद्रावतीलाही. धारगळचा कौल विमानाचा नव्हता.

आता नुसते 'नको' म्हणायचे आहे. एक शब्द. अकरा पाने लिहिणाऱ्याला तो उच्चारता येत नाही, कारण उच्चारला तर जन्मभर तो माझ्या नावावर राहील.

८ जून, रविवार

सकाळी चंद्रावती म्हणाली, "देवाक इचारा." जुन्या वस्तीत देवीचे मोठे देऊळ आहे. गौरवी म्हणाली की ही देवी समुद्रावर गेलेल्यांना सांभाळते, आणि इथेही कौल असतो.

मी तयार झालो. या वहीत कबूल करतो की हेतू शुद्ध नव्हता. 'नको' देवीच्या तोंडून आले तर माझे हात स्वच्छ. ज्या गोष्टीवर विश्वास नाही, तिच्या खांद्यावर बंदूक ठेवायला निघालो होतो.

इथे पाकळ्या नाहीत. चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी तुकडे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. आधी देवीला आपले नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगायचा, मग प्रश्न विचारून तुकडे जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर होय. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. पक्के उत्तर हवे तर होय तीनदा लागोपाठ यायला हवे.

मी सांगितले, सगुण, सर्वण, तालुका डिचोली, गोवा, पिन कोडसकट. मुलीने परत यावे, बरोबर ना? तुकडे टाकले. दोन्ही सपाट बाजू वर.

"याचा अर्थ?"

गौरवी ओठ चावत म्हणाली, "देवी हसतेय."

"म्हणजे?"

"उत्तर तुला ठाऊक आहे तरी विचारतोयस, म्हणून हसते."

आमच्या देवांना होय-नाहीखेरीज काही येत नाही. हसणारा देव मी पहिल्यांदाच पाहिला. पुन्हा टाकले. पुन्हा हसली. झाडणाऱ्या एक बाई केरसुणी टेकून बघायला थांबल्या. मी गौरवीला लाकडाच्या वजनाचे गणित समजावू लागलो.

चंद्रावती म्हणाली, "परीक्षेसारखो प्रश्न इचारतास, ती हसतली नाय तर काय? गाराणा घाला. तुमच्या घरातला असा ता."

बारा वर्षे तोंडात न आलेले. मी मान खाली घातली, आणि आवाज वर आला तो माझा नव्हता, वडिलांचा होता.

"बा देवा महाराजा..."

"देवी असा ती," चंद्रावती कुजबुजली.

"गे माये माऊली! सर्वणचो सगुण आज तुझ्या दारात उभो असा!"

"व्हय महाराजा!" मागून मायलेकी एका सुरात.

"तुझी भाषा माका येणा नाय, माझी तुका येणा नाय, ता तूच समजान घे!"

"व्हय महाराजा!"

पुढे 'माझ्या चेडवाक घरी धाड' म्हणायचे होते. पण गाऱ्हाणे आपल्या वाटेने चालते, त्याला भाषणासारखे वळवता येत नाही. वडील दरवर्षी म्हणायचे ती ओळ तोंडात आलीच.

"जे कोण बोटीर गेले, जे कोण परमुलखात रवले, त्यांका थंयच बरे ठेव! त्यांच्या चुलीक जाळ दी, त्यांच्या वाटेचो काटो काढ!"

गावातून किती माणसे बोटींवर गेली, आखातात गेली. चाळीस वर्षांत वडिलांनी त्यांना परत आण असे एकदाही मागितले नव्हते. हे मला तिथे, उदबत्तीच्या धुरात, ओळ म्हणून संपल्यावर कळले.

"व्हय महाराजा!" या वेळी तीन आवाज होते. केरसुणीवाल्या बाईंनीही जमेल तसे म्हटले होते.

तुकडे टाकले. एक सपाट, एक फुगीर.

"होय," गौरवी म्हणाली.

पुन्हा टाकले. होय.

बाईंनी तिसरे बोट वर करून मला खूण केली. मी दोन्ही तुकडे उचलले, धोतराला पुसावे तसे पँटला पुसले आणि टोपलीत ठेवून दिले.

"बाबा, तीन लागतात."

"ठाऊक आहे. उद्या सही करून ये."

९ जून, सोमवार

सही झाली. स्वस्तिकाच्या खानावळीत जेवलो. शिवराक.

१३ जून, शुक्रवार. सर्वण

परतीच्या बॅगेचे वजन साडेतीन किलोने कमी भरले. आदोळीच्या पात्याभोवती गुंडाळलेल्या माझ्या सहा सूचनाही तिकडेच राहिल्या.

मोप्याला बाबली गाडी घेऊन आला होता. दात काढून हसत होता. "सगुणदादा, काय आवाज रे तुझो! ह्या जत्रेक गाराणा तूच घालतलंस."

गौरवीने सगळे मोबाईलवर टिपले होते आणि चंद्रावतीने गावाच्या ग्रुपवर टाकले होते. आम्ही अजून तैपेईतच होतो तेव्हा धारगळपर्यंत पोचले. मी चंद्रावतीकडे पाहिले. ती खिडकीकडे तोंड करून हसत होती.

२२ जून, रविवार

भाषण झाले. वाचनालय भरले होते. चाळीस मिनिटांत संपवले, प्रशांतने घड्याळ हलवून पाहिले. मेट्रो, स्वस्तिक, निळ्या पिशव्या, सगळे सांगितले. पोदेराचेही सांगितले, शेवटी.

प्रश्नोत्तरांत अपेक्षित माणूस उठला. "सर, नाटकाच्या तारखेसाठी पाकळी नको म्हणणारे तुम्ही. मग परदेशात जाऊन कौल कसा घेतलात?"

मी म्हटले, "तारीख ठरवायला कौल लागत नाही, हे माझे मत आजही तेच आहे. आणि मी तिथे कौल पुरता घेतलेलाच नाही. तीन लागतात, मी दोनच टाकले."

सभा हसली. पहिल्या रांगेत चंद्रावती हसली नाही. तिने पिशवीतून पंचांग काढले होते आणि पुढच्या वर्षाची पाने चाळत होती.

घरी येऊन वहीतली यादी पुन्हा लिहिली. बारातल्या दहा सूचना खोडल्या. शेवटची नवी घातली: त्या देवळात गेल्यास तिन्ही कौल एका फेरीत संपवू नयेत. एक राखून ठेवावा. पुन्हा जायला काही तरी काम लागते.